हजेरीपटावरील आडनाव

ज्येष्ठ संपून आषाढ लागला की सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरील आमच्या मन्नाएखेळ्ळीच्या थांब्यावर एक वेगळीच वर्दळ सुरू होते. दहावी-बारावी झालेली मुलेमुली पुढील शिक्षणासाठी बाहेर पडतात. कोणी बीदरला, कोणी हुमनाबादला, कोणी कलबुर्गीला. ज्यांची ऐपत बरी ते हैदराबादेस आणि ज्यांना मराठीची ओढ अधिक ते उदगीर-लातूरकडे. पूर्वीच्या वळकट्या आणि पत्र्याच्या ट्रंका जाऊन आता चाकांच्या बॅगा आल्या, एवढाच काय तो फरक. आईवडिलांच्या सूचना मात्र त्याच आहेत. वेळेवर जेव, अभ्यास कर, पैसे जपून खर्च कर, वाईट संगत धरू नकोस. या सर्व सूचना रास्तच आहेत. पण ज्या वर्गात आपले लेकरू जाऊन बसणार, त्या वर्गात शिकविणाऱ्याची नजर सर्व मुलांवर सारखी पडते की आडनाव ऐकून ती कमीअधिक होते, हा प्रश्न आमच्या घरांतून क्वचितच विचारला जातो. ज्यांना तो विचारावा लागतो त्यांची घरे वेगळी. आणि ज्यांना तो विचारण्याची कधी गरजच पडली नाही, त्यांना तो प्रश्न आहे हेच मुळी ठाऊक नसते. या महिन्यात आम्ही त्याच प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

कौटुंबिक मासिकात हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना आमचे उत्तर असे की, हा विषय महाविद्यालयाच्या फाटकापाशी सुरू होतच नाही. तो आमच्या उंबरठ्यापाशी सुरू होतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या स्थिरावलेल्या मराठी घरांतून शिक्षक आणि प्राध्यापक पुष्कळ झाले. हैदराबादची विवेकवर्धिनी काय किंवा गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय काय, निजामाच्या राज्यात मराठी माणसांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभारलेल्या या संस्थांचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. म्हणजे वर्गात खडू घेऊन उभा राहणाराही आमच्यापैकी, बाकावर बसणाराही आमच्यापैकी, आणि त्या विद्यार्थ्याला राहण्यास खोली देणारा वा नाकारणाराही पुष्कळदा आमच्यापैकीच. तेव्हा हा विषय आमचा नाही तर कोणाचा?

गुरुशिष्यांचे नाते कसे असावे, याविषयी आपल्याकडे उदंड लिहिले गेले आहे. त्यांतील एक प्रसंग आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. मिलिंदपन्ह या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद हा भिक्खू नागसेनाशी चर्चा करू इच्छितो. नागसेन त्याला एक अट घालतो. पंडितांप्रमाणे बोलणार असशील तर बोलू. राजांप्रमाणे बोलणार असशील तर नाही. राजा या दोहोंतील भेद विचारतो. नागसेनाच्या सांगण्याचा आशय असा की, पंडितांच्या बोलण्यात गाठी घातल्या जातात आणि सोडविल्या जातात, चूक दाखविली जाते आणि मान्यही केली जाते, पण त्यामुळे कोणी संतापत नाही. राजांच्या बोलण्यात राजा एक गोष्ट सांगतो आणि जो ती मानणार नाही त्याला दंड होतो. मिलिंद पहिली रीत स्वीकारतो आणि मगच चर्चा सुरू होते.

वर्गाची खरी परीक्षा हीच आहे, असे आम्हांस वाटते. ज्या वर्गात विद्यार्थी निर्भयपणे प्रश्न विचारू शकतो तेथे पंडितवाद चालतो. ज्या वर्गात प्रश्न विचारण्यापूर्वी त्याला आपल्या आडनावाचा, बापाच्या धंद्याचा, आपल्या बोलीचा विचार करावा लागतो, तेथे कितीही विद्वान अध्यापक असला तरी राजवादच चालतो.

आमच्या बीदर जिल्ह्याच्या मातीने ही दोन्ही रूपे पाहिली आहेत. बाराव्या शतकात येथून पश्चिमेस कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, महात्मा बसवेश्वरांच्या पुढाकाराने अनुभवमंटप भरत असे. अध्यक्षस्थानी अल्लमप्रभू. सभेत मडिवाळ माचय्या हा परीट, मोळिगेय मारय्या हा मोळीविक्या, हरळय्या हा चर्मकार. अक्कमहादेवी तेथे आली तेव्हा अल्लमप्रभूंनी तिला अवघड प्रश्न विचारून तिची कसोटी पाहिली, आणि उत्तरे मिळाल्यावर तिला मानाचे स्थान दिले, असे शरणांची परंपरा सांगते. कसोटी कठोर होती. पण ती ज्ञानाची होती, कुळाची नव्हती. पुढे हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचा विवाह झाला, तेव्हा राजा बिज्जळाने दोघांच्या पित्यांना देहदंड दिला. पाठोपाठ कल्याणात रक्तपात झाला आणि शरण दाही दिशांना पांगले. पंडितवादाच्या मंडपावर राजवादाने घाला घातला तो असा. गावोगावी बसवजयंतीच्या मिरवणुका निघतात तेव्हा ही दुसरी अर्धी कथा फारशी कोणी सांगत नाही.

आता आठशे वर्षे ओलांडून अलीकडे येऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन सर्वांना स्थूलमानाने ठाऊक असते, पण ते केवळ गुरुशिष्यसंबंधांच्या दृष्टीने वाचले तर त्यातून एक निराळीच गोष्ट हाती लागते. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे, तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे, आणि शिपाई नसला तर तहानलेलेच राहावे, असा रिवाज होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना फळ्यापाशी गणित सोडविण्यास बोलावले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून वर्गातील मुलांनी गलका केला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही शाळेत ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृतचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केला.

याच काळात काही हात मदतीसही आले. विल्सन हायस्कुलातील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी बागेत वाचीत बसलेल्या या मुलाला हेरले. 1907 साली तो मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराज गायकवाडांकडे शब्द टाकून दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक मुल्लर यांनी त्यांना पुस्तके दिली, कपडेही दिले. आणि 1918 साली तेच आंबेडकर अमेरिका व इंग्लंड पाहून परतल्यावर सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी घेऊ नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

या घटना एका ओळीत ठेवून पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. बाक बदलून खुर्ची मिळाली, पण पाण्याचे भांडे बदलले नाही. विद्यार्थी प्राध्यापक झाला तरी जात त्याच्याबरोबर खोलीत शिरली, कारण ती त्याने आणली नव्हती. ती त्या खोलीत आधीच येऊन बसली होती. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. केळुसकर भेटले हे भाग्य, मुल्लर भेटले हेही भाग्यच. पण ज्या बागेत केळुसकर येऊन बसत नव्हते, तेथील मुलांचे काय झाले? त्यांची नावे कोणत्याही चरित्रात नाहीत. चांगला गुरू भेटणे हे ज्या समाजात योगायोगावर सोडलेले असते, त्या समाजात असंख्य मुले योगायोग न घडल्यामुळे मागे राहतात.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते, असे त्यांनी पुढे केलेल्या कामावरून दिसते. 1945 साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, 1946 साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि 1950 साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दुसरे महाविद्यालय सुरू केले. आमच्या भागातील वाचकांना त्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. तेव्हा मराठवाडा, बीदर आणि गुलबर्गा हे सारे हैदराबाद राज्यातच होते. सप्टेंबर 1948 च्या पोलिस कारवाईस जेमतेम दोन वर्षे होत होती. उच्च शिक्षण म्हणजे उस्मानिया, आणि उस्मानिया म्हणजे दूरचे हैदराबाद. अशा वेळी मराठी मुलखात, खेड्यापाड्यांतील मुलांच्या आवाक्यात एक महाविद्यालय उभे राहिले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. परिसराचे नाव नागसेनवन, आणि महाविद्यालयाला पुढे नाव मिळाले ते मिलिंद. वर सांगितलेल्या संवादातील प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, असे दोघेही तेथे एकत्र आले.

या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस हे होत. ते अस्पृश्य मानलेल्या जातींपैकी नव्हते. संस्था दलितांच्या उन्नतीसाठी, पण दार सर्व जातींच्या मुलांसाठी उघडे. आणि अध्यापक निवडताना जन्म नव्हे, तर विद्वत्ता व निष्ठा पाहिली गेली. एका बाजूस घराण्यात पहिल्यांदाच पाटी हाती धरलेली मुले, दुसऱ्या बाजूस पिढीजात शिकलेल्या घरांतून आलेले अध्यापक, अशी ती रचना. येथे नाते बिघडण्यास वाव पुष्कळ होता. ते टिकले, कारण अध्यापकाने विद्यार्थ्यावर उपकार करावयाचा नव्हता, तर त्याच्याबरोबर काम करावयाचे होते. चिटणीसांनी युगयात्रा हे नाटक लिहिले आणि मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर उभे केले. हजारो वर्षांच्या अस्पृश्यतेची कथा लिहिणारा प्राचार्य एका समाजातला आणि ती भोगून आलेले नट दुसऱ्या समाजातले. तालमीच्या खोलीत दोघांना एकमेकांकडून शिकणे भागच होते. पुढे याच नागसेनवनाच्या परिसरातून म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारखी माणसे दलित साहित्याच्या चळवळीत आली. काल जो शिष्य होता तो आज गुरू झाला, आणि त्याने आपले स्वतःचे म्हणणे मांडले. शिक्षणसंस्थेच्या यशाचे याहून दुसरे गमक आम्हांस ठाऊक नाही.

तथापि नागसेनवनाच्या कुंपणाबाहेरचा समाज तितक्या वेगाने बदलला नव्हता. मराठवाडा विद्यापीठ 1958 साली स्थापन झाले. त्यास बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव महाराष्ट्र विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला आणि लगोलग मराठवाड्यात आगडोंब उसळला. दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या नांदेडच्या खेड्यांतही होरपळ झाली. या संघर्षात दोन्ही बाजूंना विद्यार्थी होते आणि दोन्ही बाजूंना अध्यापकही होते. जे काल एका वर्गात समोरासमोर बसत होते ते आज एकमेकांच्या विरुद्ध मोर्च्यांत होते. शेवटी 14 जानेवारी 1994 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. मध्ये सोळा वर्षे गेली.

येथे आम्ही आमच्या वाचकांना एक जुनी आठवण करून देऊ. 1938 साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदेमातरम् म्हटल्याबद्दल हिंदू विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांत तेलुगू होते, कन्नड होते, मराठीही होते. नागपूर विद्यापीठाने आपले दार उघडून त्यांतील अनेकांचे शिक्षण पुढे चालू ठेवले. हैदराबाद संस्थानातील मराठी घरांतून ही हकिकत आजही अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगितलीच पाहिजे. सत्ताधाऱ्याने विद्यार्थ्याच्या अस्मितेवर पाय दिला की काय वाटते, हे आम्ही जाणतो. मग चाळीस वर्षांनंतर त्याच संस्थानाच्या त्याच मुलखातील दुसऱ्या एका विद्यार्थिवर्गाने आपल्या अस्मितेची खूण मागितली, तेव्हा ती मागणी समजून घेणे आमच्यापैकी अनेकांना इतके जड का जावे? आपल्यावर झालेला अन्याय स्मरणात राहतो आणि आपल्या हातून घडलेला विस्मरणात जातो. हा मनुष्यस्वभाव असेल, पण शिकल्यासवरल्या माणसाने त्यावर मात करावयाची असते.

हा दोष केवळ आपल्याच देशाचा आहे असे नाही. महात्मा फुल्यांनी 1873 साली गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हाच त्यांनी तिकडचे दुःख आणि इकडचे दुःख यांची नाळ ओळखली होती. त्याच अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी विद्यापीठात, 1 ऑक्टोबर 1962 रोजी जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाने प्रवेश घेतला, तो सैन्याच्या पहाऱ्यात. आदल्या रात्रीच्या दंगलीत दोघांचा बळी गेला होता. प्रवेश कायद्याने मिळाला. पण शेजारी बसून घास घेणारा सोबती कायद्याने मिळत नाही. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी त्याला वाळीत टाकले. अशा वेळी इतिहासाचे प्राध्यापक जेम्स सिल्व्हर आणि आणखी काही थोडे अध्यापक त्याच्या बाजूस उभे राहिले. सिल्व्हर यांनी पुढे आपल्या राज्याच्या बंदिस्त समाजावर परखड पुस्तक लिहिले आणि त्यांना ते राज्य सोडून जावे लागले. मेरेडिथ 1963 साली पदवी घेऊन बाहेर पडला. सैन्य त्याला फाटकाच्या आत घेऊन गेले, हे खरे. पण तेथील एकान्तात त्याला माणूस म्हणून वागविले ते त्या मूठभर अध्यापकांनी.

आता सांप्रतचे पाहू. याच हमरस्त्याने पूर्वेस गेले की लागणाऱ्या हैदराबादेतील केंद्रीय विद्यापीठात 17 जानेवारी 2016 रोजी रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने आपले जीवन संपविले. त्याला आणि त्याच्या चार सोबत्यांना वसतिगृहातून काढण्यात आले होते, विद्यापीठातील सामायिक जागांत वावरण्यास मनाई झाली होती, आणि ते उघड्यावर राहत होते. पुढे कित्येक वर्षे त्याची जात नेमकी कोणती, यावर सरकारी कागद रंगले. मेलेल्या मुलाचे जातप्रमाणपत्र तपासण्यात जेवढी तत्परता दाखविली गेली, तिचा अल्प अंश जरी त्याच्या हयातीत त्याचे गाऱ्हाणे ऐकण्यात दाखविला गेला असता तर! त्यानंतर तीनच वर्षांनी, 22 मे 2019 रोजी, मुंबईत पायल तडवी ही आदिवासी समाजातील पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर अशीच गेली. जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या तीन वरिष्ठ सहकारिणींवर झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्याच वर्षी या दोन्ही लेकरांच्या माता सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचे मागणे काही जगावेगळे नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 साली समतेविषयी जे नियम केले, ते कागदावर न राहता पाळले जावेत, एवढेच त्या मागत होत्या.

ते नियम आमच्या वाचकांपैकी किती अध्यापकांनी वाचले असतील, याविषयी आम्ही साशंक आहोत. वर्गात कोणाची जात उघड करू नये, राखीव जागेवरचा म्हणून विद्यार्थ्याला ओळखू नये, अपयशाचे कारण म्हणून त्याच्या जातीकडे बोट दाखवू नये, गुण देताना, वसतिगृहात वा भोजनगृहात भेद करू नये, आणि गाऱ्हाणे ऐकण्यास प्रत्येक संस्थेत एक जबाबदार अधिकारी असावा, असे ते नियम आहेत. वाचताना वाटते, यात सांगण्यासारखे ते काय? पण जे सांगावे लागते ते घडत असते, म्हणूनच सांगावे लागते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची चौकशी करणाऱ्या डॉ. सुखदेव थोरात समितीने 2007 साली जो अहवाल दिला त्यात तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिके, अध्यापकांचे साहाय्य आणि वसतिगृहांतील वेगळेपण या बाबतींत अनुसूचित जातिजमातींच्या विद्यार्थ्यांची गंभीर गाऱ्हाणी नोंदलेली आहेत. लेखी परीक्षेत नाव झाकलेले असते. तोंडी परीक्षेत ते परीक्षकाच्या समोर बसलेले असते. राजवादाला वाव मिळतो तो याच फटींतून.

आमच्या घरांतून या विषयावर जो आक्षेप हमखास ऐकू येतो, त्याचाही विचार केला पाहिजे. आक्षेप असा की, कोट्यातून आलेल्या मुलांमुळे दर्जा घसरतो, मग अध्यापकाचा सूर बिघडला तर त्यात नवल काय? आमच्या सीमाभागातील वाचकांना आम्ही नम्रपणे विचारतो की, आपल्या घरातील कपाटात 371-ज चे प्रमाणपत्र आहे की नाही? संविधानाच्या 98 व्या दुरुस्तीने बीदर, कलबुर्गी, रायचूर, यादगीर, कोप्पळ, बळ्ळारी या मागासलेल्या भागासाठी शिक्षणात आणि नोकरीत जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली. ती जातीवर नाही, रहिवासावर आहे. म्हणून ब्राह्मण-मराठा-लिंगायत घरांतील मुलेही तिचा लाभ घेतात, आणि घेतलाच पाहिजे, कारण हा भाग शतकभर मागे ठेवला गेला हे सत्य आहे. बंगळूरच्या महाविद्यालयात आमच्या मुलाला कोणी हैदराबाद-कर्नाटक कोट्यातला म्हणून हिणविले तर आमचे रक्त तापते. मग ज्यांना शतकभर नव्हे, तर शतकानुशतके मागे ठेवले गेले, त्यांच्या मुलांना त्याच शब्दाने हिणविताना आमची जीभ का अडखळू नये?

भाषेच्या बाबतीतही हेच. सीमाभागातील मराठी मुलाला कन्नडमधून उत्तर देताना चाचरायला होते, उच्चारावर हसू उमटते, आणि तो दुसऱ्या दिवशी हात वर करीत नाही. हे आमच्या प्रत्येक घराने अनुभवले आहे. त्याच हसण्याने गावकुसाबाहेरच्या बोलीत बोलणारा मुलगा प्रमाण मराठीच्या वर्गातही गप्प होतो. एका अनुभवावरून दुसरा ओळखता यावा, एवढी सहृदयता अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या समाजात तरी असावयास हवी.

आणि शेवटी तो उंबरठा. महाविद्यालयांच्या गावी वसतिगृहे अपुरी, म्हणून मुले खोल्या भाड्याने घेतात. खोली रिकामी असते, भाडे ठरते, मग हळूच प्रश्न येतो, पूर्ण नाव काय? आडनावाने उलगडा झाला नाही तर गाव विचारले जाते, गावाने झाला नाही तर घरचे दैवत. आणि मग आठवते की खोली कालच कोणाला तरी कबूल केली आहे. त्यात शिवी नसते, आवाज चढत नाही; चहादेखील विचारला जातो. पण तो मुलगा जिना उतरतो तेव्हा त्याला सारे कळलेले असते. दुसऱ्या दिवशी त्याच घरातील गृहस्थ वर्गात जाऊन हजेरी घेणारे असतील, तर त्या मुलाने कोणत्या विश्वासाने हात वर करून प्रश्न विचारावा? अध्यापक वर्गात कितीही सोवळ्याने वागला, तरी विद्यार्थी त्याचे घर पाहूनच त्याची परीक्षा करतो.

म्हणून या महिन्यात आमच्या वाचकांपाशी आमचे मागणे अगदी साधे आहे. जे अध्यापक आहेत त्यांनी पहिल्या आठवड्यात हजेरी घेताना आडनावावर न थबकता मुलाला त्याच्या नावाने हाक मारावी. तोंडी परीक्षेत गुण का दिले वा का कापले याची दोन ओळींची नोंद स्वतःपाशी ठेवावी. आणि 2012 चे ते नियम एकदा बसून वाचावेत. ज्यांच्या घरी भाड्याची खोली आहे त्यांनी भाडे, पाणी, दिवा यांचे नियम सांगावेत आणि गावदैवताची चौकशी सोडून द्यावी. आणि ज्यांची मुले नुकतीच बाहेर गेली आहेत, त्या मातापित्यांनी दिवाळीस मूल घरी आले की गुणपत्रिकेबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. तुझ्या वर्गात मान खाली घालून बसणारे कोणी आहे का? आणि असले, तर तू त्याच्या शेजारी बसून जेवलास का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपलेच लेकरू आहे असे निघाले, तर त्याच्या पाठीशी उभे राहावे, संस्थेत लेखी गाऱ्हाणे द्यावे, आणि गाऱ्हाणे दिले म्हणून त्याला दोष देऊ नये. आणि ते दुसऱ्या कोणाचे मूल आहे असे निघाले, तर पुढच्या सुट्टीत त्याला घरी घेऊन ये, असे सांगावे. आणि तो आला म्हणजे आपल्याच पंक्तीला त्याचे पान मांडावे.